कागदावर नसलेला प्रश्न

समोरच्या माणसानं ‘काही न्हाई’ म्हटलं, की तिथं काहीतरी आहे असं धम्मशीलाला वाटायचंच. ही खोड तिला लहानपणापासूनची. लोकांच्या घरात इतकं नाक खुपसू नये, असं तिची सासू कुसुमबाई तिला सांगून सांगून थकली होती. पण राणीसावरगावात आशाताई म्हणून बाळंतिणींच्या दारात जाता जाता अकरा वर्षं झाली, त्यात या खोडीनंच तिला हात दिला होता. कोण चौथा महिना लागला तरी पोट लपवतंय, कोण लोहाच्या गोळ्या गुपचूप उकिरड्यावर फेकतंय, हे तिला न सांगता कळायचं.

त्या वर्षी गंगाखेडच्या बैठकीत आशांना एक नवा कागद मिळाला. बाळंतिणीच्या मनाची विचारपूस करायचे दहा प्रश्न त्यावर होते. हसू येतं का, उगाच भीती वाटते का, झोप लागते का, रडू येतं का. शेवटचा प्रश्न असा, की स्वतःच्या जिवाला काही करून घ्यावं असं मनात येतं का. प्रत्येक उत्तराला शून्यापासून तीनपर्यंत गुण. बेरीज मोठी झाली किंवा शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं, की वर कळवायचं. कागदाच्या मागच्या बाजूला मनाच्या आजारांसाठीचा फोन नंबर छापलेला होता, १४४१६.

बायकांना या कागदाची आधी गंमतच वाटली. वेशीजवळच्या एकीनं विचारलं, नवऱ्याचा फोन लागला नाही की मला रडू येतं, ते धरायचं का? कुणाचे चार गुण व्हायचे, कुणाचे सात. राजेश्रीचे मात्र शून्य झाले.

राजेश्री म्हणजे आबासाहेब आणि नर्मदाबाईंची धाकटी लेक. परभणीला दिलेली. बाळंतपण तिथंच झालं, पहिली मुलगी झाली, रेणुका नाव ठेवलं, आणि बारा दिवसांनी बाळाला घेऊन ती माहेरी आली. बेचाळिसाव्या दिवशी धम्मशीला वाड्याच्या ओसरीवर बसून एकेक प्रश्न वाचत होती आणि राजेश्री लगेच उत्तर देत होती. हसू येतं. भीती वाटत नाही. झोप चांगली लागते.

कागद घडी करून पिशवीत टाकताना धम्मशीलाचा हात थांबला. सव्वा महिन्याची बाळंतीण, रात्रीतून चार वेळा उठणारी, आणि तिला झोपेचीही तक्रार नाही? अकरा वर्षांत अशी बाई तिनं पाहिली नव्हती.

कागदाप्रमाणे काम संपलं होतं. पण धम्मशीला बाळाचं वजन करायच्या निमित्तानं त्या घरी जात राहिली.

तीन महिने झाले, आणि लेकीला सासरी पाठवायची वेळ आली. राजेश्री जायला तयार होईना. आधी म्हणाली बाळाला सर्दी आहे. मग म्हणाली माझी कंबर धरली आहे. मग काही सांगेचना. गावात कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं सासू छळत असेल, कुणी म्हणालं मुलगी झाली म्हणून नवऱ्यानं तोंड फिरवलं. धम्मशीलालाही आधी तसंच वाटलं. पण सासू दोन वर्षांपूर्वीच वारलेली. आणि नवरा महारुद्र, परभणीत ट्रॅक्टरच्या शोरूमला मेकॅनिक असलेला, दर रविवारी मोटारसायकलवरून यायचा. हाताचं काळं ऑइल राखेनं घासघासून काढायचा आणि मगच लेकीला घ्यायचा. त्याच्याकडं बघताना राजेश्रीच्या चेहऱ्यावर भीती नसायची. उलट तो परत निघाला, की ती फाटकापर्यंत जायची आणि धूळ खाली बसेपर्यंत उभी राहायची.

हा तर्क खोटा ठरला. मग दुसरा तर्क, की हिला लेकरूच नकोसं आहे. कारण राजेश्री बाळाला घेत नव्हती. पाजायच्या वेळी भिंतीला पाठ लावून, मांडी घालून जमिनीवर बसायची. आईनं बाळ मांडीवर आणून द्यायचं आणि पाजून झालं की उचलून न्यायचं. बाळाला घेऊन उभी राहिलेली राजेश्री धम्मशीलानं एकदाही पाहिली नव्हती. आंघोळीला पाणी काढलं, की ती अंगणातून निघून जायची. अंगणात आड होता, त्याच्या बाजूनं जायचं टाळून ती गोठ्याला वळसा घालून यायची.

पण हाही तर्क टिकेना. नकोशा लेकराकडं आई अशी बघत नाही. बाळ ओसरीच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी राजेश्रीचे डोळे तिथंच. काल किती वेळा शिंकली, कोणत्या कुशीवर जास्त निजते, डाव्या कानामागं पुरळ कधी आलं, सगळं तिला तोंडपाठ होतं. एवढी माया आहे, मग हात का लावत नाही? धम्मशीला भाकरी थापतानाही याच विचारात असायची. तवा जळायला लागला की कुसुमबाई आठवण करून द्यायची.

नर्मदाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “बाळंतवारं हाय. पोखर्णीच्या नरसिंहाला नेऊन आणलं की उतरंल.”

मग एका दुपारी उलगडा झाला. नर्मदाबाई आणि आबासाहेब गंगाखेडला लग्नाला गेले होते. शेजारची बाई सोबतीला बसणार होती, पण तिला तिच्या घरून बोलावणं आलं आणि ती ‘आलेच’ म्हणून गेली. धम्मशीला वजनकाटा घेऊन पोचली तेव्हा आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. बराच वेळ चाललेलं रडणं, मधेच दमून थांबणारं. आणि राजेश्री अंगणाच्या टोकाला, फाटकाला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात तिनं पाठीमागं घट्ट धरले होते. तोंड पांढरंफटक.

“ताई, तिला घ्या,” ती म्हणाली. “आत जा आन् तिला घ्या.”

धम्मशीला क्षणभर घुटमळली. अकरा वर्षांत तिला या घरात ओसरीच्या पुढं कुणी नेलं नव्हतं. कुणी अडवलंही नव्हतं. ओसरीवर सतरंजी पडायची, वेगळ्या कपात चहा यायचा, आणि कुठवर यायचं ते न बोलता ठरलेलं होतं. बौद्धवाड्यातल्या बाईला ते शिकवावं लागत नाही. आता तिनं चपला काढल्या आणि ती माजघर ओलांडून स्वयंपाकघरात गेली. पाळणा तिथंच टांगलेला होता. बाळाला उचलून छातीशी धरलं, तेव्हा तिची नजर वर गेली. फळीवर, हात पोचणार नाही इतक्या उंच, विळी ठेवलेली होती. शेजारी अडकित्ता, कात्री आणि आबासाहेबांचा दाढीचा वस्तरासुद्धा.

ती बाहेर आली, ओसरीच्या पायरीवर बसली. बाळ हुंदके देत देत शांत झालं. राजेश्री जवळ आली, पण चार हात अंतर ठेवून खाली बसली.

धम्मशीलाला बरंच काही विचारायचं होतं. तिनं एकच विचारलं. “कुणाची भीती वाटायलीय तुला?”

“माझी,” राजेश्री म्हणाली.

मग ती बोलायला लागली, आणि थांबेना. बाळ आठ दिवसांचं होतं. परभणीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीच्या गॅलरीत ती बाळाला कोवळं ऊन दाखवायला उभी होती. मनात काही नव्हतं, आनंदातच होती. आणि एकदम डोळ्यांपुढं दिसलं, की आपण हात सोडलेत. स्पष्ट दिसलं, खालची फरशीसुद्धा. ती धावत आत आली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ते चित्र जाईना. माहेरी आली तर आड दिसला. विळी दिसली. आंघोळीच्या पाण्याची वाफ दिसली. प्रत्येक ठिकाणी तेच, आपल्याच हातानं काहीतरी होतंय. विळी तिनंच वर ठेवली होती, स्टुलावर चढून. आई भाजी चिरायला काढायची आणि ही परत वर ठेवायची.

“मी तिचं वाईट चिंतत न्हाई, ताई. देवाशपथ न्हाई. पन मनात असलं येनारी आई कसली? तिथं परभनीला दिवसभर मी आन् ती, दोघीच. म्हनून मी जात न्हाई.”

धम्मशीलानं कागदाची आठवण काढली. तेव्हा का बोलली नाहीस?

“भीती, झोप, सगळं खोटं सांगितलं,” राजेश्री म्हणाली. “शेवटचं तेवढं खरं होतं. तुमी इचारलं, स्वतःच्या जिवाला काही करावं वाटतं का. न्हाई वाटत. लेकराचं कुठं इचारलं तुमी? तो प्रश्नच न्हवता.”

धम्मशीलानं दहाही प्रश्न मनात परत मोजून पाहिले; तो खरंच नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिनं बाळाला जरा जास्तच घट्ट धरलं होतं. ते राजेश्रीनं पाहिलं, हेही तिला कळलं.

शेजारची बाई परत आल्यावर धम्मशीलानं तिला हलू नकोस म्हणून बजावलं आणि स्वतः गावाबाहेरच्या बाभळीखाली जाऊन १४४१६ लावला. कुणाचं नाव-गाव न सांगता विचारलं, की असं एखाद्या बाळंतिणीला होतं का, आणि बाळाला तिच्यापासून धोका असतो का. पलीकडून मराठीतच बोलणारी बाई होती. तिनं उत्तर द्यायच्या आधी उलट प्रश्न विचारले. त्या आईला हे विचार नकोसे वाटतात का, त्यांची तिला भीती वाटते का? की ते बरोबर आहेत असं वाटतं? कानात कुणाचे आवाज येतात का? बाळात काही वाईट शिरलंय असं ती म्हणते का? भलतंच बरळते का, झोप पार उडालीय का? धम्मशीलानं फोन चालू ठेवून वहीत सगळं उतरवून घेतलं. एवढ्या बारीक फरकांवर एवढं अवलंबून असतं, हे तिला नवं होतं.

ती परत गेली आणि तेच प्रश्न राजेश्रीला विचारले. आवाज नाहीत. बाळात काही शिरलेलं नाही. विचार आला की अंगाला दरदरून घाम फुटतो. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा ती बाई म्हणाली, की असे नकोसे विचार पुष्कळ आयांना येतात, त्या लाजेनं सांगत नाहीत इतकंच. पण हिला डॉक्टरांकडं लवकर न्या, चार-पाच दिवसांच्या आत. तोवर घरचं कुणीतरी सोबत असू द्या. आणि आधीच्या प्रश्नांची उत्तरं बदलली, म्हणजे आवाज ऐकू यायला लागले किंवा ती भलतंच बोलायला लागली, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

घरी कुणाला सांगायचं, हे राजेश्रीनं ठरवलं. आईला नको, आधी त्यांना. रविवारी महारुद्र आला तेव्हा धम्मशीला ओसरीवर बसून राहिली आणि राजेश्रीनं आपल्या तोंडानं सगळं सांगितलं. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत, वर न बघता.

महारुद्रनं सगळं ऐकून घेतलं. बाळ त्याच्या खांद्यावर निजलेलं होतं. राजेश्री त्याच्या तोंडाकडं बघायला घाबरत होती आणि धम्मशीला त्याच्याकडंच बघत होती, की आता हा काय बोलतो.

“आमच्याकडं मशीन चालू असती,” तो शेवटी म्हणाला. “पट्टा फिरत असतो. कधी कधी माज्या डोळ्यापुढं येतं, की हात आत गेला. घालायचा नसतो, तरी येतं. मला वाटायचं मलाच असं होतं.”

राजेश्रीनं मान वर केली. “मग तुमी काय करता?”

“काय करनार? काम करतो. पन ते एकदा येऊन जातं. तुजं जाईना झालंय, एवढाच फरक.”

नर्मदाबाईंना समजावणं त्याहून अवघड गेलं. मनाचा डॉक्टर म्हटल्याबरोबर त्या उठून उभ्या राहिल्या. आमच्या खानदानात येडं कुणी निपजलं नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि हे असलं डोक्यात भरवलं कुणी म्हणून धम्मशीलाकडं बघितलं. आबासाहेब सुपारी कातरायला अडकित्ता शोधत होते. तो रोज सापडत का नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते मुकाट्यानं स्टुलावर चढले, फळीवरच्या सगळ्या वस्तूंकडं बघत उभे राहिले, आणि खाली उतरून म्हणाले की परवा जीप करू. नर्मदाबाईंनी अट घातली, आधी पोखर्णी. पोखर्णी परभणीच्या वाटेवरच पडतं, तेव्हा अडचण नव्हती.

मंगळवारी सगळे निघाले. पोखर्णीला नर्मदाबाई आणि राजेश्री नरसिंहाच्या देवळात गेल्या; धम्मशीला बाहेर चहाच्या टपरीवर थांबली आणि महारुद्रला फोनवर दवाखान्याचा खोली नंबर विचारून घेतला. नर्मदाबाई बाहेर आल्या त्या अंगारा घेऊन. त्यांनी तो राजेश्रीला लावला, बाळाला लावला, आणि मग जराशा थांबून जीपमध्ये बसल्या.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून एक तरुण बाई होती. तिनं राजेश्रीशी आधी एकटीशी पाऊण तास बोलून घेतलं. नंतर सगळ्यांना आत बोलावलं. नर्मदाबाईंनी पहिला प्रश्न टाकला, हे वारं आहे का?

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, आणि बरा होतो. नको ते विचार मनात घुसतात आणि माणूस त्यांनाच भिऊन बसतं. गोळ्या देऊ, अंगावर पाजत असताना चालतील अशा. दर आठवड्याला बोलायला यायचं. फरक पडायला सहा आठवडे लागतील, मधेच बंद करायचं नाही.

धम्मशीलाला राहवलं नाही. तिनं विचारलं, की जी आई लेकराला एवढं जपते, तिच्याच मनात असं का यावं? मन असं का करतं?

“तुमच्याकडं शेतात राखणीला कुत्रं असतं ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चांगलं राखणदार कुत्रं चोर आला की भुंकतं. पण एखादं इतकं सावध होतं, की पान हललं तरी भुंकत सुटतं. यांचं मन तसं झालंय. राखणच करतंय, पण जास्त. विळी फळीवर ठेवली की त्या कुत्र्याला वाटतं, चोर खरंच होता.”

म्हणून विळी खाली आणायची होती. एकदम नाही, पायरीपायरीनं. आधी आई शेजारी असताना बाळाला घेऊन उभं राहायचं, शंभर मोजेपर्यंत. मग अंगणात. मग आडाच्या बाजूनं. नर्मदाबाई हे ऐकताना आपल्या लेकीकडं अशा बघत होत्या, जशी ती त्यांना आत्ता पहिल्यांदा दिसत होती. परतीच्या वाटेवर त्यांनी एकच विचारलं. “तुला रोज असं दिसायचं, आन् तू रोज माज्यासमोर जेवायचीस?”

राजेश्रीनं मान हलवली. नर्मदाबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि गंगाखेड येईपर्यंत सोडला नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात राजेश्रीला फरक तर पडला नव्हताच, वर दिवसभर पेंग यायची. नर्मदाबाई म्हणाल्या, गोळ्या फेकून दे. धम्मशीला सलग चार दिवस त्या घरी गेली, फोनवर डॉक्टरीणबाईंशी बोलणं करून दिलं, गोळीची वेळ बदलून घेतली. एकदा राजेश्री बाळाला घेऊन उभी राहिली आणि तिसाव्या आकड्यालाच घाम येऊन मटकन खाली बसली. दुसऱ्या दिवशी परत उभी राहिली. चित्रं येतच होती. सातव्या आठवड्यात तिनं सांगितलं, की आलं होतं, पण मी डाळ निवडत होते, तर निवडतच राहिले.

त्या दिवशी नर्मदाबाईंनी धम्मशीलाला स्वयंपाकघरात बोलावलं. चुलीपाशी पाट टाकला आणि घरातल्याच कपात चहा दिला. धम्मशीलानं बसून तो प्यायला. तिला प्रश्न पडला, की हा पाट आजच्यापुरता की कायमचा? हा एक प्रश्न तिनं विचारला नाही. पुढच्या वेळी बघू, असं ठरवलं. पुढच्या वेळीही पाट होता. आबासाहेब आले तेव्हा तो जरा बाजूला सरकवला गेला, पण उचलला गेला नाही.

गंगाखेडच्या पुढच्या बैठकीत तिनं उठून सांगितलं, की कागदात लेकराविषयीचा प्रश्न नाही. बैठक घेणाऱ्या मॅडमनी लिहून घेतलं आणि कागद वरून येतो, आपल्याला त्यात बदल करता येत नाही म्हणाल्या. धम्मशीलानंही बदल केला नाही. दहा प्रश्न झाले, की कागद पिशवीत टाकायची, बाळाला मांडीवर घ्यायची आणि सहज बोलल्यासारखं म्हणायची, की कधी कधी आईच्या मनात लेकराबद्दल भलतंसलतं येतं, नको असताना. तुला येतं का? बऱ्याच जणी नाही म्हणायच्या. काही जणी तिच्याकडं टक लावून बघत राहायच्या. कडूबाई नावाच्या तिघा लेकरांच्या आईला धाकट्याच्या वेळी विचारलं, तर ती म्हणाली, “थोरल्याच्या टायमाला यायचं. हे इचारायचं असतं व्हय?” मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या.

रेणुका सहा महिन्यांची झाल्यावर राजेश्री परभणीला गेली. पंधरा दिवस नर्मदाबाई सोबत राहिल्या, मग त्या परत आल्या. महारुद्रनं खालच्या मजल्यावर खोली बघू का म्हणून विचारलं होतं. राजेश्री नको म्हणाली, ते विळी परत फळीवर ठेवल्यासारखं होईल, डॉक्टरीणबाई रागावतील. गोळ्या अजून चालू होत्या. विचार पूर्ण गेले का, असं धम्मशीलानं एकदा फोनवर विचारलं, तेव्हा ती म्हणाली, न्हाई, पण येतात-जातात, पाहुण्यासारखे.

पुढं महिनाभर तिचा फोन आला नाही. धम्मशीलाला करावासा वाटायचा, पण उगाच आठवण करून दिल्यासारखं होईल म्हणून ती थांबली. मग एका सकाळी, ती लसीकरणाची यादी करत असताना, फोन वाजला.

“ताई, हिनं मला लय बेजार केलंय बगा,” राजेश्री बोलायला लागली. “दिसभर कडेवर पाहिजे. खाली ठेवलं की भोकाड. कंबरंचा काटा ढिला झाला माज्या. कुकर लावू देत न्हाई, केस इंचरू देत न्हाई. काल तर माजं मंगळसूत्रच तोडलं. आन् बाप आला की गपगार, कशी लबाड हाय बगा.”

पाठीमागून रेणुकाचं किंचाळणं ऐकू येत होतं, अगदी फोनला चिकटून, म्हणजे ती आईच्या कडेवरच होती.

धम्मशीलानं यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, “बरं, आनखी काय काय करती?”